खोबरेल तेलातला वत्तक्कुळंबु

९ जानेवारी

तिलकवतीचा फोन. संपादक झाल्यापासून तिला 'कसे आहात' विचारायला वेळ नसतो. पुढच्या महिन्याचा खास अंक — प्रवासी खवय्यांनी चुकवू नयेत असे बारा तमिळ पदार्थ, पत्त्यांसकट. मुदत एकोणीस. अंक सिंगापूर-पिनांगपर्यंत जातो, तेव्हा चूक नको म्हणाली. एकतीस वर्षांत माझ्या लेखाची एकही दुरुस्ती छापावी लागलेली नाही, म्हटलं.

संध्याकाळी अक्काकडे गेलो. अत्तिंबेर, म्हणजे अक्काचे यजमान, ओसरीवर पंचांग उघडून बसले होते. त्यांच्या मुलाला, वैत्तीला, घर सोडून येत्या मासी महिन्यात बारा वर्षं होतात. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही, तो गेला असं धरायचं. दर्भाचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. वाध्यारांनी, म्हणजे घरच्या पुरोहितांनी, ३ मार्च काढून दिली आहे. माझा पोरगा भुकेला फिरत असेल तर निदान पिंड तरी पोचेल, असं म्हणाले. आवाज अगदी सरळ होता.

अक्का ताक घेऊन आली. पेला ठेवला, आत गेली.

१० जानेवारी

कुठेच लिहिलेलं नाही, ते इथे लिहून ठेवतो.

वैत्ती एकोणीस वर्षांचा होता. कॉलेज सोडून लग्नाच्या आचाऱ्यांबरोबर जायचं म्हणत होता. एका लग्नाच्या पंगतीत, शंभर पानं मांडलेली असताना, तो विषय निघाला. मी म्हणालो — डाव धरणाऱ्या हातात कोण आपली मुलगी देणार? सगळे हसले. मीही हसलो. तो माझ्या पानावर रसम वाढत होता. वाढून झालं, पुढच्या पानाकडे वळला. चार दिवसांनी गेला.

दर महिन्याला आचाऱ्यांचे गोडवे लिहून माझं घर चाललं आहे! आणि भाच्याला मी हे म्हणालो. मामाच्या तोंडून.

१२ जानेवारी

कांचीपुरम. देवळातली इडली — सुंठ, मिरी, बुरडी टोपलीत वाफवलेली. उत्तम. दोन घास गेले.

१४ जानेवारी

भोगी. सकाळी जुन्या चटया दारात जाळून झाल्या. अक्काने जेवायला ठेवून घेतलं. वत्तक्कुळंबु होता. चिंचेच्या कोळात सुंडक्कायची, म्हणजे रानवांग्यासारखी बारकी, सुकवलेली फळं, दगडी चट्टीत तास-तासभर आटवलेला. त्या चट्टीचं झाकण अजून तेच. मूठ तुटली तेव्हा वैत्तीने दोऱ्याचं लाकडी रीळ तारेने बसवलं होतं, तेही तसंच आहे.

अत्तिंबेर आडवे झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"अंबी, तुझ्या बारांत माझा कुळंबु घाल."

नात्यातल्यांचं मी लिहीत नाही, तिला माहीत आहे. तरी विचारलं, घातला तर काय होईल?

"माझं नाव घाल. आणि लिही, ही मामी खोबरेल तेलात करते."

मला हसू आलं. कुंभकोणममध्ये वत्तक्कुळंबु, आणि तिळाच्या ऐवजी खोबरेल तेलात! लोक माझं घर शोधत येतील, म्हटलं.

"येऊ देत. एक आला म्हणजे झालं."

मग बोलत राहिली. त्याला काहीही सोसायचं — मार, उपास, बापाचा अबोला. चुकलेला स्वयंपाक सोसायचा नाही. तेरा वर्षांचा असताना त्याने मासिकाला पोस्टकार्ड टाकलं होतं, तुमच्या लेखकाने मोरकुळंबुत ताक उकळू दिलं आहे म्हणून. सही 'एक वाचक'. संपादकांनी ते माझ्याच हातात दिलं. अक्षर ओळखून मी हसत घरी आणलं होतं. अक्काने ते डब्यात जपून ठेवलंय, हे मला आज कळलं.

अत्तिंबेरांनी बारा वर्षांत ओळखीपाळखीच्या सगळ्यांना त्याच्यासाठी निरोपाची पत्रं टाकली. घरी ये, आई रडते, असंच सगळ्यांत. अक्का म्हणते, त्याला बोलावून काही व्हायचं नाही. चिडवायला हवं.

निघताना म्हणाली, झाकणाचं लिहू नकोस. लोक हसतील.

१७ जानेवारी

अकरा पदार्थ तयार. इडलीबरोबरचा कडप्पा, नारळाच्या दुधातली सोदी, कारैक्कुडीचा काळ्या तांदळाचा गोड भात, नागूरचा तळलेला वाडा, कोंगु भागातला डाळभात, बाकी सहा. बाराव्यापाशी अडलोय. तिरुवैयारूच्या अशोका हलव्याने जागा भरता येईल. चार ओळींचं काम.

चूक माहीत असताना लिहायची — हात धजत नाही. कोणी वाचक हे वाचून खोबरेल तेलात करून बघेल, त्याच्याशी ही लबाडीच. आणि इतकं करून तो वाचेलच कशावरून? जिवंत आहे कशावरून? हा प्रश्न तिच्यापुढे काढायची माझी छाती नाही.

१९ जानेवारी

पाठवला. बारावा — कोमळम मामींचा, म्हणजे अक्काचा, वत्तक्कुळंबु, खोबरेल तेलातला.

२० जानेवारी

तिलकवतीचा फोन. हातून चुकून गेलंय ना सर, मी दुरुस्त करते म्हणाली. तसंच ठेव म्हटलं. तिने विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?"

५ फेब्रुवारी

अंक आला. दुपारपर्यंत सात फोन. पालघाटची बायको केलीत काय, असं एकाने विचारलं — तिकडे केरळात खोबरेलच चालतं. अत्तिंबेरांनी लेख वाचून अंक घडी करून परत दिला. म्हणाले, तुझी बहीण या घरात चाळीस वर्षं तिळाचं तेल वापरते. तू जेवत होतास की झोपला होतास?

अक्का पाठमोरी होती. भाजी चिरत राहिली. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही तिने.

१४ फेब्रुवारी

एकसष्ट पत्रं. सगळी घरी मागवून घेतली. अक्का एकेक हातात घेते, अक्षर बघते, बाजूला ठेवते. मजकूर वाचतच नाही.

इथल्या पाकस्पर्धेला बारा वर्षं मी परीक्षक. यंदा नव्या माणसाला संधी देतो म्हणून निरोप आला. अतिशय गोड शब्दांत.

२१ फेब्रुवारी

तिलकवती दुरुस्ती छापणार आहे. चौकटीत, माझ्या नावाने. तिची चूक नाही.

पत्रं आटली. काल दोन, आज एकही नाही.

२६ फेब्रुवारी

वाध्यार यादी देऊन गेले. दर्भ, पळसाची पानं, नारळ, तीळ. अक्काने स्वतः तीळ निवडले. मांडीवर सूप, एकेक खडा वेचून. मी अंगणात उभा राहिलो. शेवटी म्हणालो, अक्का, मला माफ कर. कशासाठी ते नाही बोलता आलं.

"पंगतीतलं ना? मला त्याच दिवशी कळलं होतं," म्हणाली. सूप पाखडून खाली ठेवलं. "पोस्टमन येऊन गेला का रे?"

२ मार्च

एक पोस्टकार्ड. शिक्का पिनांगचा. सही — एक वाचक.

'कोमळम मामींच्या घरी खोबरेल तेल डोक्याला लावतात. कुळंबुला तिळाचं, आणि शेवटचा चमचा आच बंद केल्यावर, कच्चा. मग रिळाच्या मुठीचं झाकण. ते उघडायची घाई करू नये. आपल्या लेखकाने कधी हातात डाव धरलेला नाही, हे उघड आहे.'

अत्तिंबेरांनी दोनदा वाचलं. मग स्वतः वाध्यारांना फोन लावला. उद्या येऊ नका.