नागपूरची तारीख

८ नोव्हेंबर २०११, मंगळवार
आमच्या वांग्याच्या भाजीतून मीठ हद्दपार झाले. या अन्यायाची दखल एकाही वृत्तपत्राने घेतली नाही. मी ज्याचा वार्ताहर आहे त्यानेही नाही. सुलोचनेच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिचे मीठ तोडले. पतिधर्म म्हणून मीही सोडले. आमरण.

९ नोव्हेंबर
बातमीसाठी स्टेशनबाहेर थांबावे लागले. एक प्लेट तर्री-पोहे, वर झणझणीत खारट रस्सा. केवळ निरीक्षणार्थ. घरी पाय ठेवताच सुलोचना म्हणाली, "मिशीले तर्री लागली आहे, पुसा." हृदय अधू, दृष्टी उत्तम.

१३ नोव्हेंबर, रविवार
नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, २४. पंचांग पाहिले. दुसऱ्याच दिवशी अमावास्या. फोन करून पुढची मागितली. सुलोचनेने विचारले, काऊन? मी मुहूर्तशास्त्र समजावले. म्हणाली, "लग्नाच्या वेळी तं पाहिलं होतं ना पंचांग? मंग?" प्रश्न अप्रस्तुत.

१६ नोव्हेंबर, सकाळ
नर्सिंग कॉलेजची विद्यार्थिनी खुशबू आली. हृदयरोग्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांच्या 'जीवनाची गुणवत्ता' मोजते. रोग्यांची नव्हे, आमची! झोप, भूक, मित्र, मनावरचा ताण, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. संस्कृतात मी वर्गात पहिला असे, इथेही चार-चार. झोप? गाढ. मदतीला माणसे? अमाप. ताण? परिस्थिती नियंत्रणात.
आतून सुलोचना ओरडली, "पोरी, हे सांगतेत ते काही लिहू नको! रोज पहाटे माह्या नाकापुढं हात धरून पाहून राहतेत!" ओरडून तिला धाप लागली. मी खुशबूला सांगितले, सदर आरोप निराधार आहे. आणि पाणी आणायला धावलो.

२० नोव्हेंबर, रविवार
जुना मित्र मुन्नालाल चौकात भेटला. संध्याकाळी चहाला ये, म्हणायचे ठरवले होते. पूर्ण गुणांचेही सांगायचे होते. त्याने विचारले, "भाऊ, भाभीजी कैसी हैं? सब बढ़िया?" मी म्हटले, बढ़िया. त्याने स्कूटर बंदच केली नव्हती.
पूर्वी हा आमच्या ओसरीवरून उठता उठत नसे. आजारी माणसाच्या घरी लोकांनी गर्दी करू नये, हे योग्यच. चहा एकट्याने घेतला. उद्यापासून एकांताचा सदुपयोग: रोज एक तास वाचन.

२१ नोव्हेंबर
वाचन झाले नाही. चष्मा सापडला नाही. नाकावर होता.

२८ नोव्हेंबर, सोमवार
खुशबू पुन्हा आली. पूर्ण गुण मिळवणाऱ्यांची म्हणे फेरतपासणी करावी लागते. असा माणूस तिच्या मॅडमना दुसरा सापडला नाही. मला धन्य वाटले. ती म्हणाली, "काका, सांभाळणाऱ्यांची शनिवारी बैठक असते. नुसतं बोलायचं असतं. या ना." मी म्हटले, ती जागा एखाद्या गरजूला द्या.
मग तिने ऑपरेशनचे विचारले. डॉक्टर आता ८ डिसेंबर म्हणतात. पण १० ला खग्रास चंद्रग्रहण. त्यानंतर पाहू, असे मी सांगितले. पोरगी उठून सुलोचनेजवळ जाऊन बसली. दोघींची बराच वेळ कुजबुज चालली होती. वार्ताहराला वगळून.

२ डिसेंबर, शुक्रवार
स्वयंपाकघरातून अंगणात जाईपर्यंत सुलोचनेला दोनदा बसावे लागले. मी धानाच्या भावाची बातमी लिहायला घेतली. एक ओळ झाली नाही. पेन खराब आहे.

४ डिसेंबर, रविवार, दुपार
सुलोचनेने माझ्या मोबाइलवरून स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. उद्या भरती. नागपूरची पिशवीही तिनेच भरली, थांबत थांबत. म्हणाली, "तुमचे दोन शर्ट टाकले आहेत. येता ना सोबत, का मी एकटीच जाऊ?" मी म्हटले, येतो.
मग तिने अगदी हळू विचारले, "खरं सांगा, कायले ढकलत होते तारीख?" मी शास्त्राधारासाठी पंचांग उघडले. ते उलटे धरले होते. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली.
तिला सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो. ती ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही तर या घरात माझ्याशी बोलणारे कुणी नाही. मला फार भीती वाटते.