नको इतकी घट्ट हाडं

मंगळवार, संध्याकाळ

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आज सांगितलं. जुनं हाड खाणारी पेशी रक्तातल्याच पेशी एकमेकींत मिसळून तयार होते. आमच्या सात महिन्यांच्या चिन्मयच्या अंगात ती तयारच होत नाही. हाड नुसतं वाढतंय, डोळ्यांच्या नसा दाबतंय.

सासूबाई म्हणाल्या, "हाडं घट्ट हायत, मग चांगलंच की!"

मला रडूही आलं नाही. का येत नाही?

थोरल्या लेकीचा, स्वराचा बोनमॅरो, म्हणजे रक्त तयार करणारा हाडातला मगज, जुळला. तो दिला की चिन्मयच्या अंगात त्या पेशी होतील. गेलेली नजर मात्र परत येणार नाही.

वडगावला घरी पोचल्यावर स्वरानं विचारलं, "आई, मला दुखंल व्हय?"

"न्हाय गं," म्हटलं. डॉक्टरांना हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.