अंथरलेली चटई

गुरुवार, संध्याकाळ

आज प्रार्थना माझ्या घरी होती. चटई अंथरली, चहा ठेवला, कोणी आलंच नाही. गेल्या गुरुवारच्या प्रार्थनेत सुशीला देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभी राहिली तर मी सगळ्या बायांसमोर बोलले, "आधी नवऱ्याची दारू सोडव, मग देवाने काय केलं ते सांग." खोटं बोलले का? नाही. पण सगळ्यांसमोर कशाला?

मग सुशीलाच आली, साकीनाक्याहून, एकटी. चटईवर बसली नाही. दारातूनच हळू म्हणाली, "शांते, मला बाजूला घेऊन बोलली असतीस तर ऐकलं असतं गं."

बस म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा गार झालाय."

गेली ती. मला सांगायला आली तेव्हा ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. तेवढं मला जमलं नाही. चटई तशीच आहे. गुंडाळायला हात होत नाही.