पाणी मारले

२ फेब्रुवारी २०१३
मजूर सोसायटीच्या खडी केंद्रावर मुकादम म्हणून रुजू झालो. गावी चकलांब्यात दुष्काळ, जनावरं छावणीत बांधली, रानात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोली पत्र्याची, पण हवेशीर. युसूफ वडगावच्या बाजारात बायकोला, विमलला, चपला घेतल्या, ती खूश. क्रशरवर जुने दोघे भेटले, बंकट आणि सिदू. मी त्यांना सख्खे भाऊ समजलो. दोघांचं नाक टोकदार, तोंड बारीक, गाल ताणलेले, चकचकीत. बंकट हसला, पण ओठ फारसे उघडले नाहीत. "न्हाई मुकादम, गाव येगळं, जात बी येगळी."

१९ मार्च २०१३
धुरळा बसावा म्हणून क्रशरला फवारे आहेत, पण टाकी कोरडी. टँकर आला तो चेअरमनच्या उसाकडे वळला. सेक्रेटरी धर्मराज यांनी सांगितलं, तपासणीच्या वहीत रोज 'पाणी मारले' लिहायचं. लिहिलं.

११ डिसेंबर २०१४
गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात, मग निळी. बंकटनं ती पाहिली आणि स्वतःचे हात खिशात घातले.

७ मे २०१५
जांभई देताना तोंड अडतं. संध्याकाळी दारात उभा राहिलो तर विमलनं डोक्यावर पदर घेतला. तिला वाटलं, बंकट आलाय.

२२ जून
पुण्याला तपासणी. एक्स-रे साफ. मग नळीतून किंचित किरणोत्सर्गी औषधाची वाफ ओढायला लावली, गॅमा कॅमेऱ्यापुढे बसवलं. निरोगी छातीतून निम्मं औषध जायला तासभर लागतो, डॉक्टरबाई म्हणाल्या. माझं वीस मिनिटांत गेलं, म्हणजे आतलं अस्तर गळकं झालंय. पडद्यावर माझी छाती विझत गेली. आजार स्क्लेरोडर्मा. कातडी घट्ट होत जाते, आणि आता फुफ्फुसही धरलंय. दगडाच्या धुळीनंही हा होतो, म्हणून त्यांनी विचारलं, धुळीवर पाणी मारतात का? रोज मारतो, म्हणालो. तोंडातून तेच आलं. त्यांनी लिहिलं, धुळीचा संबंध दिसत नाही.

३ ऑगस्ट
धर्मराज यांनी माझ्या रिपोर्टची झेरॉक्स घेतली होती. बंकटची बायको कडूबाई हिनं खडीच्या धुळीमुळे नवरा आजारी पडला असा भरपाईचा अर्ज केला होता. नामंजूर. आधार, माझा रिपोर्ट.

१४ ऑक्टोबर
बंकट गेला. बसल्या जागी, श्वास पुरला नाही. मुठी उघडेनात. कडूबाई प्रेताकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

२ नोव्हेंबर
चार शब्दांना दम लागतो. विमलनं पेन बोटांना बांधून दिलंय. डॉक्टरबाईंना पत्र— मी खोटं बोललो, फवारे कधीच—
सिदूला सांगितलं, विमलबरोबर पुण्याला जा, त्या कॅमेऱ्यापुढं बस. अजून वेळ—
दारातूनच म्हणाला, "खाडा पडंल. नवा मुकादम लई चांगला हाय." निघाला. हाक मारतोय, तोंड उघडत—
विमल, त्याला थांबव, सांग की वहीत मी रोज