दिवा लागलाय तोवर

११ ऑगस्ट, रविवार
लागला! पाचव्या खेपेला. आधीच्या चार खेपा रिंगवरचं दुसरं वेटोळं उलटं जोडलं होतं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले आणि चूक कसली तर ही! एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, फेराइटची रिंग, थोडी तांब्याची तार — बस्स. सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि सेलमधला उरलासुरला जोर वर ढकलतं. घड्याळातून काढून टाकलेल्या मेल्या सेलवरसुद्धा एलईडी जळतो.
कुसुमला दाखवला. "छान. आता टेबल आवरा."

१४ ऑगस्ट
दिवा समोरच्या सरोजिनीबाईंकडे बसवला. वय एकोणऐंशी, एकट्या असतात. मुलगा आमोद हिंजवडीत नोकरीला, राहतो वाकडला. बाईंच्या बाथरूममध्ये मी मागेच बिनतारी घंटेचं बटण लावून दिलंय — त्यांनी दाबलं की घंटा आमच्या घरात वाजते. पण अंधारात बटण सापडत नाही म्हणत होत्या. म्हणून बटणाच्याच दोन पेन्सिल सेलवर माझा दिवा जोडला. अखंड जळणार.
मी ऐटीत म्हणालो, "दिवा लागलाय तोवर सेल ठणठणीत समजा. विझला की मला सांगा."
बाई जन्मभर शाळेत गणित शिकवत होत्या. म्हणाल्या, "आणि तुम्ही घरी नसलात तर कुणाला सांगू? दिव्याला?"

२९ सप्टेंबर
जिन्यात भेटल्या. "अजून जळतोय हो तुमचा दिवा. तुमच्यासारखाच चिवट आहे."
दिवसभर खुशीत होतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी दहाला सरोजिनीबाई बाथरूममध्ये पडल्या. दोनला कामवाली आली, तिच्याकडे किल्ली असते, तेव्हा कळलं. चार तास! ओल्या फरशीवर. आणि मी समोरच्या घरात पेपर वाचला, जेवलो, आडवा झालो.
मनगट मोडलंय. उचलताना म्हणाल्या, "आगाशे, किती वेळा दाबलं! बहिरे झालात का?" अंगठ्याच्या पेरावर बटणाचा गोल ठसा उमटला होता. तो फक्त मी पाहिला. दिवा मस्त जळत होता.
संध्याकाळी आमोद आला. "काका, दिवा तर लागलाय. म्हणजे बटण चालू होतं ना?" तपासून सांगतो म्हणालो आणि बटण घरी आणलं.
मीटर लावला. दोन्ही सेल मिळून एक पूर्णांक एक व्होल्ट. घंटेला दोनच्या वर लागतात. माझं सर्किट मेल्या सेलवर चालतं — हीच तर माझी फुशारकी! सव्वादोन महिने त्या दिव्यानेच सेल पिऊन टाकले आणि वर सगळं ठीक आहे म्हणून सांगत बसला. म्हणजे मीच सांगत बसलो.
मग मी नवे सेल घातले. बटण जागेवर लावलं. आमोदने दाबलं, आमच्याकडे घंटा वाजली.
"चालतंय की," तो म्हणाला.
मी हो म्हणालो.

२६ ऑक्टोबर
दवाखान्यात गेलो. आमोद समजावत होता, "आई, तू दाबलंच नसशील. घाबरल्यावर होतं असं."
"दाबलं."
"काका, तुम्हीच सांगा तिला."
मी म्हणालो, "बटण तर चालतंय."
बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मी हलकट माणूस आहे. हे निदान इथे लिहून ठेवतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
बाईंकडे फराळाचा डबा घेऊन गेलो. आमोदचं ठरलंय — वारज्याला एक केअर सेंटर आहे, तिथे ठेवणार. विस्मरणाची सुरुवात असावी म्हणे. पुरावा काय, तर बटण.
बाईंनी हळूच विचारलं, "आगाशे, मी सकाळची गोळी घेतली का हो?" एकोणतीसचा पाढा उलटा म्हणणारी बाई मला हे विचारते! अगदी ओठावर आलं होतं सांगायचं. आमोद शेजारीच होता. मी चकली तोंडात घातली.

६ नोव्हेंबर
नेलं त्यांना. बॅग मी खाली पोचवली.

१० नोव्हेंबर
कुसुमला सगळं सांगितलं. तिची भाजी चिरणारी सुरी थांबली नाही.
"मला कशाला सांगताय? मी पडले होते का?"

१३ नोव्हेंबर
हिंजवडीला जाऊन आमोदला त्याच्या ऑफिसबाहेर गाठलं. जुने दोन्ही सेल आणि मीटर पिशवीत होते. चहाच्या टपरीच्या बाकावर मीटर लावून आकडा दाखवला. सेल मी बदलले, तेही सांगितलं. शिव्या देईल वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"काका, तीन आठवडे?" एवढंच म्हणाला.
चहाचे पैसे देऊन म्हणाला, "रविवारी आईला घरी आणतो. पण तिला तुम्ही सांगायचं."
परतताना बसमध्ये हलकं वाटलं. मग त्याचीही लाज वाटली.

१५ नोव्हेंबर
वारज्याला गेलो. सेल, दिवा, माझं खोटं — सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चांगला हात माझ्या हातावर ठेवला.
"माझ्यासाठी उगीच स्वतःवर घेऊ नका, आगाशे. मला आता स्पष्ट आठवतंय. मी बटण दाबलंच नव्हतं."