पाठांतराचा बिल्ला

३ मार्च, सोमवार

ठरलं! यंदा पाठांतराचा बिल्ला मीच घेणार. आमच्या लॉजमध्ये, म्हणजे गुप्त बंधुमंडळात, नव्या बंधूला डोळे बांधून आत आणतात आणि त्याच्यापुढे पाच पानी स्वागत म्हणतात — पुस्तक न बघता, शब्द इकडचा तिकडे न करता. एकही चूक नाही झाली तर बिल्ला. सध्या तो फक्त सासरेबुवांच्या छातीवर आहे. परीक्षकही तेच. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून चारचौघांत मला ‘आमचे नळवाले’ म्हणतात. बिल्ला लागू दे, मग बघतो काय म्हणतात!

६ मार्च

माझ्या नळांच्या दुकानातही घोकंपट्टी. गिऱ्हाईकानं अर्ध्या इंची तोटी मागितली. मी म्हणालो, "बंधू, तू अंधारातून आला आहेस." बिचारा तोटी न घेताच गेला.

९ मार्च, रविवार

गुप्तता गेली खड्ड्यात. न्हाणीघरात नळ सोडून म्हणत होतो, मधेच अडलो. बाहेरून बायकोचा आवाज — "आधी निष्ठा, मग मौन."

हातातला तांब्याच पडला. बायकांच्या कानावर एक अक्षर जाऊ द्यायचं नाही अशी शपथ आहे! तुला कसं ठाऊक, विचारलं. "बाबा दार लावून घोकायचे. मी लहान होते, बाहेर दाराला कान लावून उभी राहायचे." मग कांदा चिरता चिरता अख्खं स्वागत म्हणून दाखवलं. शेवटी सुरी जरा जोरातच ठेवली. "दादाला मोठा झाल्यावर आत घेतलं. मला एकदाही दार उघडलं नाही. माझा राग आहे तो आहेच."

खरंच आहे. बापाशी ही कामापुरतंच बोलते.

१० मार्च

शपथ मोडलीच आहे तर नीट मोडू. पुस्तकाची छपाई मुंगीएवढी, वाचून डोळे जातात. पुस्तक कपाटात, आता हीच मास्तरीण. चुकलो की पळी आपटते.

२२ मार्च, शनिवार

नापास!

नवा बंधू दातांचा डॉक्टर. डोळे बांधल्यावर त्याचेच दात वाजत होते. मी मात्र लोण्यातून सुरी फिरावी तसा चाललो होतो. शेवटच्या पानावर आलो — "दाराबाहेर जे कोणी थांबलं आहे, तेही आपलंच आहे." चुका पकडायला पुस्तक धरून बसलेला केमिस्ट बंधू पानं उलटायला लागला. "हे वाक्य यात नाही."

सगळे सासरेबुवांकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चूक," एवढंच म्हणाले.

घरी येऊन हिच्यावर तोंडसुख घेतलं. कुठून आणलंस ते वाक्य? "बाबा रोज म्हणायचे," म्हणाली. अडून बसली. जेवलो नाही आम्ही दोघंही.

२३ मार्च

सकाळी सासरेबुवा दुकानात आले. पहिल्यांदाच. बराच वेळ तोट्या न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "लॉजमध्ये मी ते कधीच म्हटलं नाही. घरीच म्हणायचो. दाराखालच्या फटीतून दोन पावलं दिसायची."

घरी जाऊन हिला जसंच्या तसं सांगितलं. कणकेचे हात तसेच घेऊन ही बापाच्या घरी गेली.