जपून वापरलेला गारवा

जुने शहर, अकोला
दि. ११ एप्रिल २०२५

चि. कुलदीप यास,
अ. आ. वि. वि.

फोनवर तू हो-हो म्हणतो अन् ठेवून देतो, म्हणून पत्र लिहून राहिले. बाबाच्या खोलीतला एसी नुसती गरम हवा फेकून राहिला. मेकॅनिक श्याम पाहून गेला. पाइपाले भोक पडून गॅस उडाला म्हणतो. भोक बुजवून देईन, पण गॅसचा भाव मागच्या वर्षीच्या दुपटीवर गेला, आधीच सांगतो, मग भांडू नका म्हणाला. यांनी आत्ताच दुकानात माल भरला, आमचा हात आखडलेला आहे. एसी तूच घेऊन दिला, म्हणून तुलेच विचारते.

कूलर लावा म्हणशील. मागच्या मे महिन्यात बाबाले ऊन लागलं तेव्हा डॉक्टर काय म्हणाले, ते तूही ऐकलं. अंग पुन्हा तसं तापलं तर हृदयाले झेपणार नाही, अन् कूलरच्या ओल्या हवेनं दमा उठतो. आई गेल्यावर तेल्हाऱ्याचं घर बंद करून बाबाले इथं आणलं, ते काय भट्टीत बसवायले? दुपारी आम्ही दोघं दुकानावर असतो, ते घरी एकटेच. उशीर नको करू, बाप्पा.

बाकी बाबा मजेत आहेत. शेजारच्या गंगूबाईंसोबत रोज कापसाच्या भावावरून भांडतात.

रागिणीले आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई,
शकुन

अमरावती
दि. १६ एप्रिल २०२५

ती. शकुनताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रागिणी म्हणते, ताईंचे वटारलेले डोळे कागदावरही दिसून राहिले. भाऊजींच्या खात्यात पैसे टाकले आहेत. पण काय भाव झाला गं! मी इथं दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळे सांगतात, गॅस वरूनच महाग येऊन राहिला. त्याच्यापुढे साजूक तूप स्वस्त म्हणायचं. आमच्या एसीचाही गॅस गेला, तो यंदा भरलाच नाही. कूलरले वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, पोरं रोज तोंड फुगवून बसतात.

आता एक ऐक. बाबा एसी लावून खिडकी उघडी ठेवतात, हे मागच्या वेळी मी डोळ्यानं पाहिलं. गॅस काय नळाचं पाणी आहे? बारा ते चार लावा, मग बंद. जपून वापरला तर दोन उन्हाळे निघतील. बाबाले सांग, किसनराव, तुमच्या गारव्यात तुमच्या पोराचा पगार उडून राहिला. हे असंच्या असं वाचून दाखव, हसतील.

रागावू नको. जीव जळतो, म्हणून लिहितो. शिव्या दिल्या तरी चालतील, पण लिहीत राहा.

तुझा धाकटा,
कुलदीप

जुने शहर, अकोला
दि. ९ जून २०२५

कुलदीप,
आशीर्वाद आहेतच, ते काही परत घेता येत नाहीत.

बाबाच्या तेरवीले तू सारखा विचारत होता, घरात एसी असून ऊन लागलंच कसं. आत्यासमोर म्हणाला, ताईचं लक्ष नव्हतं. मले तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

तुझं पत्र मी बाबाले वाचून दाखवलं. लय हसले. पोरगं बाप झालं तरी चिक्कटच राहिलं म्हणाले. मीही हसले, अन् वरून म्हटलं, खरंच जपून वापरा बाबा, पुन्हा नाही भरता येणार. तेव्हापासून आम्ही दुकानावर निघालो की ते एसी बंद करायचे अन् आम्ही यायच्या जरा आधी लावायचे. आम्ही आलो की खोली गार. मले कसं कळणार?

काल गंगूबाई रडत सांगून गेल्या. त्यांनी एकदा विचारलं होतं, काहून असे घामाघूम बसता? तर म्हणाले, "पोराचा गॅस वाचवून राहिलो. सिलिंडरसारखंच असते ते, जाळला तेवढा जाते." कोणाले सांगू नका म्हणून त्यांना शपथ घातली. बाबा गेले त्या दिवशी पारा शेहेचाळीसच्या वर होता. एसी लावायले बाबाचं उठणंच झालं नाही.

आज श्यामले बोलावलं. त्यानं गॅस तपासला. एप्रिलमध्ये भरला तेवढाच आहे. मी म्हटलं, बाबानं वाचवला म्हणून.  तो म्हणाला, ताई, एसीतला गॅस चालवल्यानं संपत नाही. भोक पडलं तरच जातो. दिवसरात्र चालवा, तेवढाच राहतो.

तुले माहीत नव्हतं, मले माहीत नव्हतं. श्याम एप्रिलमध्ये घरी येऊन गेला, त्याले एका शब्दानं विचारलं नाही. भाव मात्र तू गावभर विचारत फिरला.

एसी काढून न्यायले माणूस पाठव, मले तो डोळ्यासमोर नको.

अन् आत्याले फोन कर. ताईचं लक्ष नव्हतं म्हणाला होता ना, आता नीट सांग. लक्ष होतं म्हण. दोघांचंही होतं. गॅसवर होतं.

शेवटी माया मागायची रीत आहे. यावेळी माझ्यानं मागवत नाही.

शकुन